टिकाऊ जागा

दिगंबर सबनीसला कुठलीही वस्तू दाखवा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: टिकेल ना? मिरजेत त्याच्या वडिलांचं लोखंडी ट्रंकांचं दुकान होतं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ट्रंकेच्या झाकणावर बुक्की मारून हेच विचारायचं आणि हा गल्ल्यामागे बसून ऐकायचा. ऐकून ऐकून त्याची पक्की समजूत झाली की जगात चांगलं-वाईट असं काही नसतंच, टिकणारं आणि न टिकणारं असतं. अमेरिकेत येऊन तीस वर्षं झाली, कॅरी नावाच्या गावात घर झालं, डोक्यावरचे केस गेले, समजूत मात्र हलली नाही.

नोकरीही त्याला शोभेशीच मिळाली. औषध कंपनीत तो संख्याशास्त्रज्ञ. नवं औषध घेतलेले रोगी किती महिने जगले आणि जुनं घेतलेले किती, हे मांडून दाखवायचं. कंपन्या विकल्या गेल्या, एकमेकींत मिसळल्या, दर दोन-तीन वर्षांनी ओळखीचं कुणीतरी पुठ्ठ्याचा खोका छातीशी धरून पार्किंग लॉटकडे चालताना दिसायचं, पण दिगंबर टिकला. नव्यानं लागलेल्या पोरांना तो एक गोष्ट दरडावून सांगायचा. "शेवटी जे उरले त्यांनाच मोजू नका. सुरुवातीला जे आत शिरले त्या सगळ्यांना मोजा. मेलेले, सोडून गेलेले, फोन न उचलणारे, सगळे. नाहीतर औषध फुकटचं थोर वाटायला लागतं."

असा माणूस पोटच्या मुलाच्या बाबतीत नेमकी हीच चूक करेल, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण केली. आणि ती करताना त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

त्याचा मुलगा देवांग तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो धावायचा. ओल्या साबणाच्या वडीसारखा, हातात आला म्हणेस्तोवर निसटलेला. शाळेतल्या अमेरिकन फुटबॉलच्या कोचनं त्याला बघितलं आणि रनिंग बॅकच्या जागेवर घेतलं. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या धिप्पाड पोरांच्या भिंतीत घुसणारा. देवांगला त्या भिंतीत फट दिसायची. दिगंबरची बायको विनीता एकच सामना बघायला गेली. पलीकडच्या संघातल्या एका पोराला स्ट्रेचरवरून नेताना तिनं पाहिलं आणि घरी येऊन पर्स सोफ्यावर फेकली.

"हे बंद कर. आजच्या आज."

"बंद कशाला?" दिगंबर म्हणाला. तो स्वतःला सुधारलेला बाप समजायचा. "त्याला खेळायचंय तर खेळू दे. मी जरा बघतो."

बघतो म्हणजे काय, तर तीन संध्याकाळी लॅपटॉप उघडून त्यानं या खेळातले सगळे थोर खेळाडू जमवले. कोण कुठल्या जागेवर खेळला आणि किती वर्षं टिकला, याचा तक्ता केला. चित्र अगदी स्वच्छ होतं. धावणारे कितीही थोर असोत, तिशीच्या आसपास संपलेले. कुणाचे गुडघे गेले, कुणाचं डोकं. आणि लाथ मारणारे, म्हणजे किकर, चाळिशी ओलांडून मजेत खेळतायत. किकर मैदानावर येतो, चेंडू दोन खांबांच्या मधून पाठवतो आणि परत बाकावर जाऊन बसतो. त्याला सहसा कुणी आडवं करत नाही. दिगंबरला वाटलं, एवढं साधं या अमेरिकनांना कसं सुचत नाही?

वरणभात जेवताना त्यानं लॅपटॉपचं तोंड देवांगकडे फिरवलं.

"हे बघ. इथं सात-आठ वर्षं. आणि इथं वीस. खेळायचंच आहे ना तुला? मग जिथं टिकता येईल तिथं खेळ."

देवांगनं बराच वेळ तक्ता बघितला. मग विचारलं, "डू दे रन?"

"कोण?"

"किकर्स. दे गेट टू रन?"

"धावतात की थोडं. चेंडूपर्यंत."

देवांगनं मान डोलावली आणि भात संपवला. "बघ, किती समजूतदार आहे," विनीता नंतर म्हणाली. मान डोलावली म्हणजे होकार, असं दोघांनी धरलं. पण त्याला विचारलं कुणी होतं? सांगितलं होतं.

त्यानंतरची वर्षं दिगंबरच्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची गेली, हे कबूल करायला हवं. ऑफिसमधून आला की बूट बदलून तो देवांगबरोबर शाळेच्या मैदानावर जायचा. लाथ मारायची तर चेंडू कुणीतरी उभा धरून बसावं लागतं. ते काम बापाचं. गुडघा टेकायचा, डाव्या हाताचं एक बोट चेंडूच्या टोकावर ठेवायचं आणि हलायचं नाही. वसंतात पाइनच्या झाडांच्या परागांचा पिवळा धुरळा सगळीकडे साचायचा आणि दिगंबरच्या पँटचा एक गुडघा कायम हळदीनं माखल्यासारखा दिसायचा. घरात बाप-लेकांचं बोलणं बेताचंच होतं. बाप मराठीत विचारणार, मुलगा इंग्रजीत उत्तर देणार, त्यातलं निम्मं दोघांनाही पोचणार नाही. मैदानावर बोलायची गरजच पडायची नाही.

चेंडू लांब गेला की देवांग तो आणायला जीव तोडून धावायचा. मैदानाच्या पार टोकापर्यंत जाऊन तसाच धावत परत. लाथ मारण्यापेक्षा आणण्यातच त्याला जास्त मजा येतेय, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. दिगंबरला वाटलं, पोरगं उगीच दम घालवतंय. त्यानं दुकानातून चेंडूंची एक मोठी पिशवीच आणली. "आता धावायला नको," तो म्हणाला. देवांग थँक्यू म्हणाला.

हायस्कूलमध्ये तो नावाजला गेला, कॉलेजनं त्याला फी माफ करून घेतला. महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला दिगंबरचा जुना मित्र सत्यजित हातात भजी घेऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "आमची पोरं डोकं चालवून कॉलेजात गेली, याचं पाय चालवून गेलं यार!" सगळे हसले, दिगंबर सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्या रात्री जेवताना त्यानं दोनदा श्रीखंड घेतलं.

पुढे काय होणार हे दिगंबरला तक्त्यात दिसलं नव्हतं, कारण ते तक्त्यात नव्हतंच. व्यावसायिक लीगमध्ये संघ बत्तीस. धावणारे एका संघात चार-पाच लागतात, अडवणारे ढीगभर लागतात. किकर एक. एकच. आणि एकदा जो बसला तो वीस-वीस वर्षं उठत नाही, म्हणून तर ती जागा टिकाऊ. दरवर्षी कॉलेजांतून उत्तम लाथ मारणारी पोरं बाहेर पडतात आणि जागा रिकामी होते ती कुणी तरी म्हातारं झालं तर. देवांगला उन्हाळ्यात एखादा संघ सरावासाठी बोलवायचा. महिनाभर ठेवायचा आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी घरी पाठवायचा. एका वर्षी या गावात, दुसऱ्या वर्षी त्या गावात. खरा सामना त्याच्या वाट्याला एकही आला नाही. मधल्या काळात तो कॅरीत घराच्या बेसमेंटमध्ये राहायचा, एका जिममध्ये काम करायचा आणि संध्याकाळी बापाबरोबर मैदानावर जायचा. तो अठ्ठावीसचा झाला, बाप साठीचा. आता गुडघा टेकल्यावर उठताना दिगंबरला देवांगच हात द्यायचा.

मग सत्यजितकडे सत्यनारायण होता, तिथं त्याच्या पायाचं कळलं. सगळे सतरंजीवर बसले आणि देवांगला मांडी घालता येईना. उजवा पाय दुमडायचाच नाही. "आय ॲम टू अमेरिकन फॉर धिस, काकू," असं सत्यजितच्या बायकोला म्हणून तो भिंतीशी उभा राहिला. विनीतानं कथा संपेपर्यंत त्याच्यावरची नजर काढली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिनं त्याला डॉक्टरकडे ओढत नेलं.

खुब्याचा सांधा झिजला होता. डॉक्टरांनी फोटो दाखवला. सत्तरीच्या माणसाचा असावा तसा. सांध्याचा आकार जन्मतःच थोडा उथळ होता, ते म्हणाले, तरी बेतानं वापरला असता तर पुष्कळ वर्षं गेली असती. सतरा वर्षं त्याच पायानं, त्याच झोक्यात, हजारो लाथा मारल्यावर काही शिल्लक राहिलं नव्हतं. आता सांधा बदलायचा. त्यानंतर चालता येईल, पोहता येईल, लाथ मात्र मारायची नाही. आणि बदलण्याआधी एखादी जोराची लाथ मारलीत आणि हाडच तडकलं, तर मग नीट चालण्याचीही खात्री मी देणार नाही.

"ओके," देवांग म्हणाला. "तारीख द्या." इतक्या सहज म्हणाला की दिगंबरला राग आला.

तारीख मिळाली सप्टेंबरची. आणि तिच्या आधीच्या आठवड्यात देवांगच्या एजंटचा फोन. एका संघाचा किकर जायबंदी झाला होता, चाचणीसाठी सहा जणांना बोलावलं होतं, त्यात देवांग. देवांगनं फोन कानापासून दूर धरला आणि बापाकडे बघितलं.

विनीता म्हणाली, "त्याला धड जिना चढता येत नाहीये!"

"ऑपरेशन होणारच आहे ना आठवड्यानं," दिगंबर म्हणाला. "एवढी वर्षं घातली आपण. एक चान्स. एकदा आत शिरलास की टिकशील तू."

"ओके," देवांग फोनमध्ये म्हणाला.

दिगंबरनं गाडी चालवली, पाच तास. देवांगनं सकाळी खुब्यात इंजेक्शन घेतलं होतं, संध्याकाळपर्यंत दुखणार नव्हतं. संघाच्या सरावाच्या मैदानाला उंच कुंपण होतं आणि आत फक्त खेळाडूंना सोडत होते. बाप बाहेर गाडीत बसला. एकेक पोरगं खांद्यावर बॅग टाकून येत होतं. सगळी चांगली, सगळी धडधाकट. शेवटी एक माणूस आला आणि फाटकावरचा पहारेकरी उभाच राहिला. तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. सगळ्यांच्या थोरांच्या यादीत ज्याचं नाव असतं असा किकर, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. देवांगच्या खोलीत त्याचं पोस्टर होतं. ते दिगंबरनंच लावलं होतं.

दोन तासांनी पोरं बाहेर आली. एक जण गाडीच्या छतावर डोकं टेकून उभा राहिला, एक जण बायकोला फोन लावून नुसताच ऐकत होता. दिगंबर त्यांच्याकडे बघत राहिला. हे सगळे आत शिरलेले आणि यांतला एकही त्याच्या तक्त्यात नव्हता. तो थोर माणूसही बाहेर आला, गाडीतून काही तरी न्यायला. सीटवर टेकला, उजवी मांडी दोन्ही हातांनी उचलून आत ठेवली आणि डोळे मिटून बसला. मग पुन्हा दोन्ही हातांनी पाय बाहेर काढला, उभा राहिला, चेहरा नीट केला आणि आत गेला. जागा त्याला मिळाली होती.

"माझे सगळे खांबांमधून गेले, बाबा," देवांग गाडीत बसताना म्हणाला. "नॉट वन मिस."

"मग?"

"मग काय. ही इज हिम. त्याच्यापुढे मला कोण घेणार?"

परतीच्या वाटेवर इंजेक्शन उतरलं. देवांग मागच्या सीटवर आडवा पडला होता आणि रस्त्यात खड्डा आला की दातांतून आवाज काढत होता. दिगंबरला पुष्कळ बोलायचं होतं. त्यानं गाडी हळू चालवली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहालाच ते हॉस्पिटलात पोचले. नर्सनं दिगंबरला पडद्यामागे पाच मिनिटं बसू दिलं. तिनं शाईच्या पेननं देवांगच्या उजव्या खुब्यावर खूण केली, "हाच ना?" असं विचारलं आणि देवांग हसला. मग तिनं त्याचे कपडे, बूट आणि फोन एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिगंबरच्या हातात दिले. विनीता कॉफी आणायला खाली गेली. दिगंबर बाहेर येऊन बसला आणि पिशवीतला फोन वाजायला लागला.

एजंट होता. तो धापा टाकत बोलत होता. काल सरावात त्या चव्वेचाळीसच्या म्हाताऱ्याच्या मांडीचा स्नायू फाटला. संघानं चाचणीतला देवांग लक्षात ठेवलाय. आज दुपारच्या विमानानं निघायचं, रविवारचा सामना. खरा सामना. "तो कुठंय? त्याला फोन दे."

दरवाजा दहा पावलांवर होता. त्याच्या पलीकडे पडदा आणि पडद्यापलीकडे देवांग, अजून पुरता जागा, नर्सशी काही तरी बोलत असलेला. त्याचा आवाजही येत होता. दिगंबर उठून उभा राहिला. रविवारी त्याचा मुलगा साऱ्या देशासमोर मैदानावर उतरला असता. दिगंबरला डोळ्यांसमोर दिसली ती मात्र दोन हातांनी उचललेली मांडी.

"तो आत गेला," तो इंग्रजीत म्हणाला. "ऑपरेशन सुरू झालं."

एजंट म्हणाला, बॅड लक, सर, आणि फोन ठेवला.

दिगंबर खाली बसला. त्याला आनंद झाला होता, अगदी उघड आनंद. आयुष्यात पहिल्यांदा कशाचंही कोष्टक न मांडता त्यानं मुलासाठी योग्य तेच केलं होतं. सतरा वर्षांपूर्वीची चूक आज एका वाक्यात फेडली, असं त्याला वाटलं. विनीता कॉफी घेऊन आली. "कुणाचा फोन?"

"एजंट. चौकशी करत होता."

"बरा आठवला आज," ती म्हणाली.

पुढचे तीन तास त्यानं मजेत काढले. शेजारी बसलेल्या म्हातारीला स्वतःची कॉफी देऊन टाकली.

ऑपरेशन उत्तम झालं. दुपारी देवांग नीट शुद्धीवर आला, बर्फाचे तुकडे चघळले, आईचा हात धरला. मग फोन मागितला. विनीतानं पिशवीतून काढून दिला. एजंटचा निरोप आलेला होता. देवांगनं तो वाचला आणि यादीत फोन कधी आला होता ते बघितलं.

"बाबा. ही कॉल्ड ॲट सव्वासात."

"हो."

"सव्वासातला मी पडद्यामागेच होतो. नर्स तिच्या कुत्र्याबद्दल सांगत होती. आय वॉज राइट देअर."

विनीता एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागली. "काय झालं? कसला फोन?"

दिगंबरनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्याची मांडी, दुपारचं विमान, रविवारचा सामना. सांगताना त्याचा आवाज चढला. "तू गेला असतास! तुला माहितीये तू गेला असतास. हाड तडकलं असतं तुझं तिथं. जन्मभर काठी घेऊन चालला असतास. मी कसं जाऊ देणार होतो तुला?"

"आय वॉज गोइंग टू से नो," देवांग म्हणाला.

दिगंबर खुर्चीत बसला.

"मी ठरवलं होतं, बाबा. चाचणीहून येताना, कारमध्ये. परत बोलावलं तर नाही म्हणायचं. मी प्रॅक्टिस पण केली होती, कसं म्हणायचं त्याची." त्याचा आवाज औषधामुळे जड झाला होता, शब्द शोधायला वेळ लागत होता, आणि एरवी पटकन इंग्रजीत घसरणारा तो आज मराठीतच बोलायचा हट्ट करत होता. "मला एकदा तरी स्वतः नाही म्हणायचं होतं. फक्त एकदा. तेवढं एक माझं झालं असतं."

विनीतानं तोंडावर हात धरला. दिगंबरला म्हणायचं होतं की हे तू आत्ता म्हणतोयस, तेव्हा म्हणाला असतास कशावरून. ते खरंही असेल. पण ते तपासून बघायचा मार्गच त्यानं बंद करून टाकला होता. इतक्या वर्षांचा संख्याशास्त्रज्ञ, एवढं त्याला कळत होतं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते आवरलंही नाही.

थोड्या वेळानं नर्स आली. नवा सांधा बसवला की त्याच दिवशी उभं करतात, तिनं सांगितलं, चार पावलं टाकायची. तिनं पलंग वर केला, देवांगचे पाय खाली सोडले. दिगंबर उठला आणि पलीकडच्या बाजूनं त्यानं हात पुढे केला. देवांगनं त्या हाताकडे बघितलं. मग नर्सच्या खांद्यावर हात टाकून तो उभा राहिला.